इशापूर २ए१ रायफल

इशापूर २ए१ ही ७.६२ × ५१ मिमी नाटो काडतूस वापरणारी, हाताने बोल्ट ओढून चालवायची भारतीय लष्करी रायफल आहे. ब्रिटिश साम्राज्याच्या फौजांनी दोन महायुद्धांत वापरलेल्या ली-एनफिल्ड रायफलीची ही सुधारित आवृत्ती असून तिचे उत्पादन पश्चिम बंगालमधील इशापूर येथील रायफल कारखान्यात झाले. नियमित सैन्यासाठी आखलेली (नेमबाजांच्या खास रायफली वगळता) जगातील शेवटची बोल्ट रायफल म्हणून तिचा उल्लेख अनेकदा केला जातो.

पार्श्वभूमी

इशापूरचा रायफल कारखाना १९०४ मध्ये स्थापन झाला. ली-एनफिल्डची १९०७ साली स्वीकारलेली 'मार्क ३' ही आवृत्ती तेथे तयार होत असे व स्वातंत्र्यानंतरही ते काम चालू राहिले. तिचे काडतूस ०.३०३ इंच व्यासाचे. त्यावरूनच 'थ्री नॉट थ्री' हे नाव जनमानसात रुजले.

१९६२ च्या चीन युद्धात भारतीय जवान याच रायफली घेऊन हिमालयात लढले. प्रत्येक गोळीनंतर बोल्ट मागे-पुढे करावा लागणाऱ्या या शस्त्रासमोर चिनी सैनिकांकडे अर्धस्वयंचलित रायफली होत्या. पराभवानंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले आणि सैन्याची फेरउभारणी हाती घेण्यात आली. नवी अर्धस्वयंचलित रायफल (१ए, म्हणजेच परिचित एसएलआर) ठरली, परंतु ती सर्व तुकड्यांना पुरेल इतकी तत्काळ मिळणे शक्य नव्हते. मधल्या काळाची सोय म्हणून, नव्या रायफलीचेच काडतूस वापरणारी ली-एनफिल्ड घडवण्याचा निर्णय झाला. दोन प्रकारच्या काडतुसांचा पुरवठा सांभाळण्याची अडचण त्यामुळे कमी होणार होती. अशी ७.६२ मिमी काडतुसे तयार करणाऱ्या कारखान्यांत जळगाव जिल्ह्यातील वरणगावची आयुधनिर्माणीही आहे.

रचना

जुन्या 'थ्री नॉट थ्री'ची केवळ नळी बदलून २ए१ तयार केली, हा समज चुकीचा आहे. ही रायफल नव्यानेच घडवली जात असे. नाटो काडतुसाचा दाब .३०३ पेक्षा अधिक असल्याने बोल्ट व त्याचे घर यांसाठी अधिक मजबूत पोलाद वापरण्यात आले. .३०३ काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कड असते, नाटो काडतुसाला ती नसते. म्हणून रिकामी पुंगळी बाहेर ओढणारी आकडी नव्याने आखावी लागली. मॅगझिनही बदलले. जुन्याच्या उतरत्या आकाराऐवजी पत्र्याची चौकोनी पेटी आली आणि दोन्ही रायफली शेजारी ठेवल्यास सर्वप्रथम डोळ्यांत भरतो तो हाच फरक. लाकडी दस्त्याच्या पुढील भागात मॅगझिनसमोर आडवा स्क्रू बसवलेला असतो. दमट हवेत लाकूड फाटू नये यासाठीची ही इशापुरी युक्ती.

पहिल्या '२ए' प्रकाराच्या मागील साईटवर २,००० मीटरपर्यंतच्या खुणा होत्या. इतक्या अंतरावर नेम साधणे सामान्य सैनिकाच्या आवाक्याबाहेरचे असल्याने '२ए१' मध्ये ही मर्यादा ८०० मीटरवर आणली गेली. दोन्ही प्रकारांत महत्त्वाचा भेद एवढाच. रायफलीची लांबी सुमारे १.१३ मीटर आहे.

ब्रिटनमध्येही ली-एनफिल्ड ७.६२ मिमीवर नेण्याचे प्रयत्न झाले. तेथील सामान्य सैनिकासाठीची आवृत्ती फारशी समाधानकारक ठरली नाही. १९७० च्या सुमारास आलेली नेमबाजांची एल४२ए१ मात्र दीर्घकाळ टिकली. इशापूरची रचना तुलनेने साधी होती, पण जे काम तिच्याकडून अपेक्षित होते ते तिने केले.

वापर

एसएलआर पुरेशा संख्येने उपलब्ध झाल्यावर सैन्यातून २ए१ मागे पडली आणि पोलीस व अन्य दलांकडे गेली. तात्पुरती म्हणून जन्मलेली ही रायफल त्यानंतर अनेक दशके वापरात राहिली. बोलीभाषेत तिलाही सर्रास 'थ्री नॉट थ्री' म्हणतात. तांत्रिकदृष्ट्या ते चूक आहे, कारण एकीचे काडतूस दुसरीत चालत नाही.

२६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्याच्या वेळी छत्रपती शिवाजी टर्मिनसवरील काही पोलिसांच्या हाती मूळच्या .३०३ रायफली होत्या आणि हल्लेखोरांकडे स्वयंचलित एके रायफली. त्यानंतर पोलिसांच्या जुन्या शस्त्रांवर झालेली टीका .३०३ पुरती सांगितली जात असली, तरी बोल्टच्या संथ गतीचा तो आक्षेप २ए१ लाही तितकाच लागू पडतो. उत्तर प्रदेश पोलिसांनी .३०३ ला जानेवारी २०२० मध्ये निरोप दिला.

सैन्याने विकलेल्या अनेक २ए१ रायफली अमेरिकेत गेल्या. तेथे संग्राहक व शिकारी त्या वापरतात. काहींच्या नळ्या कापून आखूड कार्बाइनही बनवण्यात आल्या आहेत.