मतपेटीचे साक्षीदार

२०२४ सालच्या मे महिन्यात लोकसभा निवडणुकीची धामधूम चालू असता तेवीस देशांतील पंचाहत्तर प्रतिनिधी आपल्या निवडणूक आयोगाचे पाहुणे म्हणून भारतात आले होते. त्यांच्या तुकड्या ज्या सहा राज्यांत गेल्या, त्यांत महाराष्ट्रही होता. ही बातमी वाचून आमच्या धर्मग्रामातील युवक मंडळाच्या एका मुलाने रविवारच्या मिस्सानंतर मला गाठले. "फादर, ते लोक आपली निवडणूक पाहायला येतात, तसे आपल्याला कुठे जाता येते का? त्याची भरती कुठे निघते?"

त्याच्या डोळ्यांपुढे विमान होते, हे मला दिसत होते. त्यात गैर काही नाही. त्या वयात माझ्याही डोळ्यांपुढे असते. परंतु मंदिराच्या पायरीवर उभ्या उभ्या देण्याजोगे ते उत्तर नव्हते. म्हणून ते येथे सविस्तर देतो.

आपल्या मराठवाड्यात मतपेटी आली तीच मुळी उशिरा. निजामाच्या संस्थानातील प्रजेला आपला राज्यकर्ता निवडण्याचा अधिकार नव्हता. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई झाली, हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले आणि त्यानंतर चार वर्षेही उलटली नाहीत तोच औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड व उस्मानाबाद या पाच जिल्ह्यांतील प्रौढ स्त्री-पुरुष मतदानाच्या रांगेत उभे राहिले. १९५१-५२ च्या त्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत देशभरात सुमारे १७ कोटी ३२ लाख मतदार होते आणि त्यांतील बहुसंख्यांना अक्षरओळख नव्हती. म्हणून प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी आणि पेटीवर त्याचे चिन्ह, अशी योजना करण्यात आली. मतदाराने आपली चिठ्ठी हव्या त्या पेटीत टाकायची. त्या लोखंडी पेट्यांपैकी लाखो पेट्या मुंबईत विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात तयार झाल्या होत्या.

या साऱ्या खटाटोपाचे सूत्रधार होते पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन. सनदी अधिकारी, मूळचे गणिताचे विद्यार्थी आणि स्वभावाने अबोल. मतदार याद्या तयार होत असताना त्यांच्यापुढे एक विलक्षण अडचण उभी राहिली. मुख्यतः उत्तरेकडील प्रांतांत असंख्य स्त्रिया परक्या माणसाला स्वतःचे नाव सांगेनात. 'अमक्याची आई', 'तमक्याची बायको' एवढीच त्यांची नोंद झाली. सेन यांनी अशा नोंदी ग्राह्य धरण्यास नकार दिला. नाव नसेल तर मतदार नाही! परिणामी सुमारे अठ्ठावीस लाख स्त्रियांची नावे यादीतून वगळली गेली. या निर्णयावर तेव्हा टीका झाली. मला मात्र तो योग्य वाटतो, कारण आम्हा धर्मगुरूंचे निम्मे आयुष्य नोंदवह्यांत जाते. बाप्तिस्म्याच्या जुन्या नोंदीत आईचे नाव लिहायचे राहून गेले असेल, तर दोन पिढ्यांनंतर विवाहाच्या वेळी काय ओढाताण होते, हे ज्याने पाहिले आहे त्याला सेन यांचा हट्ट समजेल. पुढील निवडणुकीपर्यंत त्यांतील बऱ्याच स्त्रियांनी आपली नावे सांगितली, हेही विसरता कामा नये.

हेच सेन १९५३ साली सुदानला गेले. इंग्लंड व इजिप्त यांच्या संयुक्त अंमलातून तो देश स्वराज्याकडे वाटचाल करीत होता. दोन्ही सत्तांचा एकमेकींवर विश्वास नव्हता. तेव्हा निवडणुकीच्या देखरेखीसाठी सात जणांचा आयोग नेमण्यात आला. त्यात तीन सुदानी, आणि इंग्लंड, इजिप्त, अमेरिका व भारत यांचा प्रत्येकी एक सदस्य होता. अध्यक्षपद भारताच्या सदस्याकडे, म्हणजे सेन यांच्याकडे आले. एकच सार्वत्रिक निवडणूक पार पाडलेल्या देशाला जगाने पंच म्हणून बोलवावे, ही घटना आपल्या शालेय इतिहासात का नसावी, हे मला कळलेले नाही. नोव्हेंबर-डिसेंबर १९५३ मध्ये तेथे मतदान झाले आणि १ जानेवारी १९५६ रोजी सुदान स्वतंत्र झाला.

यात एक सल आहे. आपल्या देशात प्रत्येक स्त्रीचे स्वतःचे नाव यादीत यावे म्हणून आग्रह धरणाऱ्या सेन यांना सुदानात अशा निवडणुकीवर देखरेख करावी लागली, की जिच्यात सर्वसामान्य स्त्रीला मतच नव्हते. बाहेरून आलेला माणूस कायदा लिहीत नाही. जो कायदा आहे तो पाळला जातो की नाही, एवढेच पाहणे त्याच्या हाती असते.

यानंतरचे उदाहरण ख्रिस्तसभेला जवळचे आहे. फिलिपाइन्समध्ये ७ फेब्रुवारी १९८६ रोजी मार्कोस यांच्या विरोधात कोराझोन अ‍ॅक्विनो उभ्या राहिल्या. परदेशी निरीक्षक मोठ्या संख्येने आले. अमेरिकेच्या शिष्टमंडळाचे नेतृत्व सिनेटर रिचर्ड लुगर यांच्याकडे होते. परंतु खरा भार पेलला तो 'नामफ्रेल' या नागरिकांच्या संघटनेने. तिचे लाखो स्वयंसेवक विद्यार्थी, शिक्षक, गृहिणी आणि धर्मभगिनी होते. कार्डिनल हायमे सिन यांचा त्यांना पाठिंबा होता. अनेक ठिकाणी धर्मभगिनींनी हातात हात गुंफून मतपेट्यांभोवती कडे केले, ती छायाचित्रे जगभर पोहोचली. मतमोजणी दोन ठिकाणी चालली होती. सरकारी आयोगाच्या आकड्यांत मार्कोस पुढे, तर मनिलातील ला साल शाळेच्या व्यायामशाळेत चाललेल्या नामफ्रेलच्या मोजणीत अ‍ॅक्विनो पुढे! ९ फेब्रुवारीच्या रात्री आयोगाच्या संगणकांवर काम करणारे तीसेक तंत्रज्ञ आपल्या जागेवरून उठले आणि बाहेर पडले. त्यांत स्त्रिया अधिक होत्या. आपण भरलेले आकडे आणि फलकावर झळकणारे आकडे जुळत नाहीत, एवढेच त्यांचे म्हणणे होते. त्यांनी आसरा घेतला तो बाक्लारानच्या चर्चमध्ये. दोन दिवसांनी आन्तिके प्रांतात एव्हेलिओ हाविएर या तरुण नेत्याला मतमोजणीच्या जागेसमोर गोळ्या घालण्यात आल्या. बिशपांच्या परिषदेने निवडणुकीतील लबाडीचा उघड निषेध केला आणि महिना संपण्यापूर्वी मार्कोस देश सोडून गेले.

ही कथा आपण नेहमी विजयाची म्हणून सांगतो. मला तिच्यातील एक पराभव अधिक शिकवून जातो. त्या दिवशी लाखो मतदार केंद्रावर पोहोचले आणि यादीत त्यांचे नावच नव्हते. पेटीभोवती कितीही मजबूत कडे केले, तरी जे मत पेटीपर्यंत आलेच नाही त्याचे रक्षण कोण करणार? मतदानाच्या तोंडावर उतरलेल्या परदेशी पाहुण्यांना ही चोरी घडताना दिसली नाही. ती आधीच उरकलेली होती.

जगाने हा धडा घेतला असे म्हणता येईल. १९९२-९३ मध्ये कंबोडियात संयुक्त राष्ट्रसंघाने स्वतःच निवडणूक घडवून आणली, तेव्हा चारशेहून अधिक स्वयंसेवक जिल्हाजिल्ह्यांत मतदानाच्या कितीतरी महिने अगोदर जाऊन राहिले. युद्धाने होरपळलेल्या, सुरुंगांनी भरलेल्या त्या भूमीत खेडोपाडी फिरून त्यांनी सत्तेचाळीस लाखांहून अधिक मतदारांची नोंदणी पार पाडली. मी तेव्हा सेमिनरीत होतो. वाचनालयातील वृत्तपत्रात एक लहानशी बातमी होती : ८ एप्रिल १९९३ रोजी काम्पोंग थोम प्रांतात आत्सुहितो नाकाता हा पंचवीस वर्षांचा जपानी स्वयंसेवक आणि त्याचा कंबोडियन दुभाषी यांची हत्या झाली. तो मुलगा माझ्याच वयाच्या आसपासचा होता, म्हणून असेल, ती बातमी मी विसरू शकलो नाही. त्याच्या वडिलांनी पुढे नोकरी सोडली आणि संयुक्त राष्ट्रसंघाच्या स्वयंसेवक कार्याचे मानद राजदूत म्हणून काम केले. खमेर रूजने बहिष्काराची हाक दिलेली असतानाही मे महिन्यात जवळजवळ नव्वद टक्के लोकांनी मतदान केले.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येतो. होय, जाता येते. बँकॉक येथे १९९७ साली स्थापन झालेली 'आन्फ्रेल' ही आशियाई संघटना आपल्या खंडातील स्वयंसेवकांची पथके देशोदेशी पाठवीत आली आहे. २७ ऑक्टोबर २००५ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाच्या न्यूयॉर्क येथील कार्यालयात अशा निरीक्षणाच्या तत्त्वांचा जाहीरनामाही स्वीकारला गेला. निरीक्षकाने निःपक्षपाती असावे, निवडणुकीत ढवळाढवळ करू नये आणि मतदानाच्या दिवसाइतकेच आधीच्या काळाकडेही लक्ष द्यावे, असे त्यात म्हटले आहे.

परंतु मी त्याला म्हटले, "तुला स्वतःच्या गल्लीतली यादी वाचता येते का?" तो हसला. त्याने ती कधी पाहिलीही नव्हती. १९८९ साली मतदानाचे वय एकविसावरून अठरावर आले ते याच मुलांसाठी. निवडणूक आली की त्यांच्यातले काही जण रोजंदारीवर झेंडे घेऊन फिरतात, दुपारचे जेवण मिळते, आणि मतमोजणी झाली की सगळे विसरले जाते. मतदान केंद्रात बसण्याचा अधिकार आपल्या कायद्याने उमेदवारांच्या प्रतिनिधींना दिला आहे. हौशी साक्षीदाराला तेथे जागा नाही. यादी मात्र सर्वांसाठी खुली असते आणि तीत नाव घालण्यासाठी, वगळण्यासाठी, दुरुस्त करण्यासाठी वर्षभर अर्ज करता येतो. २०२२ पासून तर अठरा वर्षे पूर्ण झाल्याची तारीख वर्षातून चार वेळा मोजली जाते.

चार मुले आणि तीन मुली तयार झाल्या. कोणत्याही पक्षाचा बिल्ला लावायचा नाही, कुणाला कोणाचे मत हे विचारायचे नाही आणि वहीत फक्त नोंद करायची, एवढ्याच अटी मी घातल्या. पावसाळ्यातले पाच रविवार ती वस्तीवर घरोघरी यादी घेऊन गेली. मृतांची नावे निघाली, एकाच घरातील माणसे दोन केंद्रांवर विभागलेली निघाली. हे अपेक्षित होते. अनपेक्षित होती ती एका मुलीच्या वहीतील नोंद. लग्न होऊन आलेल्या कितीतरी सुनांची नावे सासरच्या यादीत नव्हतीच. कुणाचे वैजापूरकडे माहेरी राहिलेले, कुणाचे कुठेच नाही. सासू दारातून सांगे, "ती आमच्या थोरल्याची बायको, लिहा की तसंच."

मुलीने तसे लिहिले नाही. तिने घरात डोकावून त्या सुनेला तिचे नाव विचारले.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची गोष्ट याहून अवघड होती. विधानसभेचे मतदान २० नोव्हेंबर २०२४ रोजी झाले आणि गळीत हंगाम त्याच्या पाच दिवस आधी सुरू झाला होता. यादीत नाव असून दाराला कुलूप असलेली घरे वहीच्या शेवटच्या तीन पानांवर आहेत. ती पाने मी जपून ठेवली आहेत. परदेशी जाण्याचा विषय त्या मुलाने अजून सोडलेला नाही. मधून मधून तो आन्फ्रेलविषयी विचारत असतो. सध्या त्या तीन पानांतील कोणती कुटुंबे परतली आहेत, हे पाहण्याचे काम त्याच्याकडे आहे.