वर्दीचा कायदा : चावडीपासून तेलशुद्धीच्या कारखान्यापर्यंत

शिरूर व दौंड या दोन तालुक्यांचा इतिहास लिहूं लागलें म्हणजे लेखणी आपोआप घोडनदीच्या जुन्या छावणीकडे, रांजणगांवच्या महागणपतीकडे अथवा भीमाकांठच्या मोहिमांकडे वळते. आमचाहि आजवरचा क्रम तोच होता. परंतु गेल्या तीन-चार दशकांत या तालुक्यांत जो मोठा पालट झाला, त्याचीं साधनें कोणी जुळवीत आहे असें दिसत नाहीं. शिरूर तालुक्यांत रांजणगांवास व दौंड तालुक्यांत कुरकुंभास औद्योगिक वसाहती झाल्या. कुरकुंभास मुख्यत्वेंकरून रसायनांचे व औषधी द्रव्यांचे कारखाने आहेत. रांजणगांवास यंत्रांचे व विजेच्या उपकरणांचे कारखाने असून घातक कचऱ्याची विल्हेवाट लावणारें केंद्रहि तेथेंच आहे. अशा ठिकाणाहून एखादा वायु निसटला, तर त्याची खबर कोणीं, कोणास व किती वेळांत द्यावी, हा प्रश्न आज केवळ वकिलांचा समजला जातो. आमच्या मतें तो इतिहासाचाहि आहे, व त्याचें एक टोंक गांवच्या चावडीशीं जोडलेलें आहे. तो संगतवार मांडून त्यांतून एक निष्कर्ष काढावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

खबर न देणें हाच अपराध, हें तत्त्व आपल्याकडे नवें नाहीं. कौटिलीय अर्थशास्त्र १९०९ सालीं म्हैसुरास छापून प्रसिद्ध झालें. त्याच्या दुसऱ्या अधिकरणांत नागरिकाचीं, म्हणजे नगराच्या अधिकाऱ्याचीं, कर्तव्यें सांगतांना एक नियम आला आहे. कोणी मनुष्य आपली जखम चोरून बरी करवून घेऊं लागला, तर त्यास औषध देणाऱ्या वैद्यानें, व ज्याच्या घरांत हें चाललें त्या घरधन्यानें, ती गोष्ट गोप अथवा स्थानिक या अधिकाऱ्यांस कळवावी. कळविली तर ते सुटतात. न कळविली तर मूळ अपराध्याइतकेच दोषी ठरतात. ज्यास गप्प बसण्यांतच लाभ आहे, त्याच्यावरच शास्त्रकारानें खबरेचें ओझें टाकलें आहे, व तें त्यानें उचलावें म्हणून निवेदनास सुटकेची जोड दिली आहे. हा नियम वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. पुढें त्याचें काम पडणार आहे.

मराठी अमलांत हें काम गांवगाड्यांत वांटलेलें होतें. रात्रींची गस्त रामोशी व जागल्या यांची. त्यांनीं वर्दी पाटलाकडे आणावयाची, व पाटलानें ती पुढें सरकारी अंमलदारास पोंचवावयाची. चोरी झाल्यास पायांचा माग काढीत जावें; तो ज्या गांवच्या शिवेंत शिरला त्या गांवानें पुढें चालवावा, नाहीं तर नुकसानीचा जबाब त्यानें द्यावा, अशी चाल होती. वर्दी दाबण्याचे प्रकार तेव्हांहि होत असलेच पाहिजेत. जुना काळ सोन्याचा होता असें आम्हांस मुळींच सुचवावयाचें नाहीं. परंतु त्या पद्धतींत दोन गोष्टी होत्या. वर्दी देणारा बहुधा नुकसान करणाऱ्याहून निराळा असे. आणि वर्दी ज्या चावडीवर येई, ती चावडी गांवांतच असे.

इंग्रजी अमलांत मुंबई इलाख्यासाठीं १८६७ चा ग्रामपोलिसांचा कायदा झाला, व पाटलाचें वर्दीचें काम छापील कलमांत आलें. पुढें १८७८ सालीं दौंड-मनमाड हा लोहमार्ग सुरू होऊन दौंड मोठें जंक्शन झालें, आणि वर्दीचा एक नवा प्रकार या तालुक्यास परिचित झाला. १८९० च्या रेल्वे कायद्यानें असें ठरविलें कीं, ठराविक प्रकारचा अपघात झाल्यास रेल्वेच्या चालकांनीं सरकारास व इन्स्पेक्टरास विनाविलंब कळवावें, व जवळच्या स्टेशनमास्तरानें जिल्ह्याच्या मॅजिस्ट्रेटास व पोलिस ठाण्यास वर्दी द्यावी. ज्याच्या यंत्रानें अपघात घडला, त्याच्याच नोकरानें वर्दी द्यावयाची असा हा प्रकार होता. अर्थशास्त्रांतील वैद्य येथें स्टेशनमास्तराच्या वेषांत उभा आहे. स्फोटक द्रव्यांच्या १८८४ च्या कायद्यांत व पेट्रोलियमच्या १९३४ च्या कायद्यांत हेंच कलम मालक अथवा जागेचा ताबेदार यांस लावलेलें दिसतें.

परंतु या सर्व कायद्यांत एक समान गोष्ट आहे. ते गाडी घसरणें, स्फोट, आग, मृत्यु, भारी इजा अशा डोळ्यांना दिसणाऱ्या घटनांविषयीं बोलतात. पेट्रोलियमच्या कायद्यांत स्फोट अथवा पेट यांची वर्दी आहे; तेलाची वाफ नुसती हवेंत निघून गेली तर तिची नाहीं. १९१२ चा मुंबईचा धूरविषयक कायदा झाला तोहि दिसणाऱ्या धुराचाच. रंग नसलेल्या वायूस कायद्याच्या दृष्टीनें जणुं अस्तित्वच नव्हतें. इंग्लंडांत मात्र १८६३ सालींच सोडाखाराच्या कारखान्यांतून निघणाऱ्या आम्लवायूपैकीं शेंकडा ९५ भाग आंत अडवून धरावा असा कायदा होऊन त्यासाठीं रसायनज्ञ इन्स्पेक्टर नेमण्यांत आला होता. तें तत्त्व आपल्याकडे येण्यास शतकाहून अधिक काळ लागला.

हवेच्या प्रदूषणासंबंधींचा आपला केंद्रीय कायदा १९८१ चा. त्याचें २३ वें कलम या विषयाचा पाया आहे. अपघातानें अथवा अकल्पित कारणानें ठरलेल्या मर्यादेपलीकडे दूषित वायु सुटला, किंवा सुटेल अशी भीति उत्पन्न झाली, तर त्या जागेच्या प्रमुखानें राज्याच्या प्रदूषण मंडळास व नेमलेल्या अधिकाऱ्यांस तत्काळ कळविलें पाहिजे, असा त्याचा आशय आहे. नुसती भीतीहि कळवावयाची, हें या कलमाचें वैशिष्ट्य होय. हें कलम भोपाळच्या आधींचें आहे, ही गोष्ट पुष्कळांच्या लक्षांत नसते. ता. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या दरम्यानच्या रात्रीं भोपाळ येथें विषारी वायु सुटून हजारों माणसें दगावलीं, तेव्हां हें कलम पुस्तकांत होतेंच. कलम असणें आणि शेजारच्या वस्तीस वेळेवर कळणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत. याआधीं इटलींत सेव्हेसो येथें ता. १० जुलै १९७६ रोजीं कारखान्यांतून विषारी मेघ निघाला; लोकांस तेथून हलविण्यास आरंभ झाला तो ता. २६ जुलै रोजीं. श्रीमंत देशांतहि खबर अशी पायीं पायीं चालते.

भोपाळनंतर कायदे भराभर झाले. १९८६ चा पर्यावरण संरक्षणाचा कायदा आला. १९८७ सालीं कारखान्यांच्या कायद्यांत एक कलम घालून, धोक्याची माहिती कामगार, मुख्य निरीक्षक, स्थानिक संस्था व आसपासची जनता यांस देण्याचें बंधन मालकावर घातलें गेलें. १९८९ च्या घातक रसायनांच्या नियमांत मोठ्या अपघाताची वर्दी देण्याचा नियम आला, व पुढें तीस ४८ तासांची मुदत पडली. १९८१ च्या कायद्याप्रमाणें खबर न देणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद अथवा दंड होई, ता. १ एप्रिल २०२४ पासून कैद जाऊन तिच्या जागीं दहा हजारांपासून पंधरा लक्ष रुपयांपर्यंतची दंडाची रक्कम आली आहे.

आतां तेलशुद्धीच्या कारखान्यांकडे वळूं. शिरूर-दौंडांत असा कारखाना नाहीं. आम्हांस जवळचे म्हणजे मुंबईस चेंबूर-माहुलच्या बाजूस १९५४ व १९५५ सालीं सुरू झालेले दोन. तेथील तेल नळानें लोणी काळभोरास येतें, एवढा आमचा संबंध. तरीहि त्यांचा विचार येथें अगत्याचा आहे. कारण हळूहळू होणाऱ्या गळतीचे नियम त्यांच्यासाठीं जितके तपशीलवार लिहिले गेले आहेत, तितके क्वचितच कोणासाठीं लिहिले गेले असतील. मार्च २००८ मध्यें प्रसिद्ध झालेल्या नियमांप्रमाणें व्हॉल्व्ह, नळांचे जोड, पंपांचीं सीलें अशा हजारों जागा ठराविक मुदतीनें उपकरणानें तपासावयाच्या. सामान्य तैलवायु दहा लक्ष भागांत ५००० भागांहून अधिक आढळल्यास ती गळती मानावयाची. बेंझीन या घातक द्रव्यास मर्यादा २००० भागांची. सामान्य गळतीची दुरुस्ती कामाच्या पांच दिवसांत आरंभून कामाच्या पंधरा दिवसांत पुरी करावयाची; बेंझीनची मात्र तत्काळ. जी गळती दिसत नाहीं, तिलाहि येथें मोजमाप व नोंद मिळाली. १८६३ पासून चालत आलेल्या विचाराचा हा कळस म्हणतां येईल.

पण ही सर्व नोंद कोण ठेवतो? कारखानाच. ती कोणाकडे जाते? मंडळाकडे. माहुल व अंबापाडा येथील रहिवाशांनीं आपल्या नाकाडोळ्यांच्या साक्षीवर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे धांव घेतली, तेव्हांच तेथील वायूंचा प्रश्न खऱ्या अर्थानें उभा राहिला, व ऑगस्ट २०२० मध्यें न्यायाधिकरणानें दोन तेलशुद्धी कारखाने व दोन साठवण कंपन्या मिळून सुमारें २८६ कोटि रुपयांची भरपाई बसविली. इतके बारीक नियम असूनहि खरी वर्दी शेवटीं गांवानेंच दिली.

दौंड तालुक्याचा अनुभव याहून लहान, पण त्याच जातीचा आहे. ता. १४ ऑगस्ट २०१९ च्या रात्रीं कुरकुंभास एका रसायनांच्या कारखान्यास मोठी आग लागली, व भोंवतालच्या लोकांस रात्रींच घरें सोडावीं लागलीं. आग सर्वांस दिसते, म्हणून तिची बातमी वर्तमानपत्रांत आली व तारीख आज सांपडते. न दिसणाऱ्या गोष्टींचें काय होतें, तें आमच्याच अनुभवावरून सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं एका संध्याकाळीं आमच्या वस्तींत असा उग्र वास पसरला कीं पोरांचे डोळे चुरचुरूं लागले व म्हाताऱ्यांस ठसका लागला. तिसऱ्या आठवड्यांत आम्ही अर्ज घेऊन एका कचेरींत गेलों. तेथील गृहस्थांनीं शांतपणें विचारलें, "गुरुजी, तारीख कोणती? वेळ कोणती? वारा कोणीकडचा होता?" आम्हांस एकाहि प्रश्नाचें निश्चित उत्तर देतां आलें नाहीं. पस्तीस वर्षें मुलांस आम्ही सांगत आलों कीं, मितीवांचून बखर ती नुसती गोष्ट. आणि आमच्याच हातांत नुसती गोष्ट होती! त्या गृहस्थांचा राग यावा असें कांहीं नव्हतें. अर्ज घडी करून आम्ही परत आलों.

घरीं येऊन आम्ही २३ वें कलम पुनः वाचलें, व त्याच्या दुसऱ्या पोटकलमांतील एका लहान शब्दसमूहाशीं थबकलों. वायु सुटल्याची माहिती मंडळास जागेच्या प्रमुखाकडून मिळो "अथवा अन्य मार्गानें" मिळो, मंडळानें शक्य तितक्या लवकर उपाय योजिले पाहिजेत, असें तेथें म्हटलें आहे. या अन्य मार्गांत चावडी येते. कारखान्याच्या वर्दीची सक्ति राहावीच. पण वैद्य जखम लपवूं शकतो हें कौटिल्यास ठाऊक होतें, तें आपण विसरूं नये. विशेषतः वाऱ्याचा माग पायांच्या मागासारखा शिवेवर थांबून दाखवितां येत नाहीं. वास निघून गेला कीं पुरावा निघून गेला. उरतें तें फक्त कोणीं वेळींच लिहून ठेविलें असेल तेवढेंच.

म्हणून आमची सूचना अगदीं साधी आहे. कुरकुंभ व रांजणगांव यांच्या भोंवतालच्या प्रत्येक ग्रामपंचायतींत, व जमल्यास शाळेंतहि, एक वर्दीवही असावी. तींत मिती, घटका नव्हे तर घड्याळाची वेळ, वाऱ्याची दिशा, वास कशासारखा होता, डोळे-घसा-जनावरें यांवर काय परिणाम झाला, कारखान्याचा भोंगा वाजला कीं नाहीं, एवढें लिहून दोघांनीं सही करावी. पानांस अनुक्रमांक असावेत. व प्रत्येक नोंदीची नक्कल मंडळास पाठवून पोंच वहींत चिकटवावी. यास खर्च एका वहीचा आहे. आमच्या वस्तींत अशी वही आम्हीं सुरू केली आहे. तींत आजपर्यंत ज्या नोंदी झाल्या त्यांत कांहीं कारखान्याच्या नसून शेतांत जाळलेल्या पाचटाच्या निघाल्या. त्याहि आम्हीं खोडल्या नाहींत. खऱ्याखोट्याची निवड वही पुरी झाल्यावर होते, आधीं नव्हे.

पेशवाईंतील एखाद्या गांवचा झगडा आज आपण सोडवितों तो दोन्ही पक्षांचे कागद हातीं असतात म्हणून. पुढील शतकांत कोणी संशोधक या दोन तालुक्यांच्या हवेचा इतिहास लिहूं लागेल, तेव्हां त्यास कारखान्यांचे कागद मिळतील, मंडळाचे मिळतील. गांवचा कागद नसेल तर तो निवाडा एकतर्फी होईल, व त्याचा दोष त्या संशोधकाकडे जाणार नाहीं.