स्वतःचा आवाज ऐकू येत नाही तेव्हा

ओपन माइकवर पहिल्याच ओळीला आवाज चढतो, घसा आवळतो आणि आपण म्हणतो, नर्व्हस झालो यार. पण दर वेळी दोष भीतीचाच असतो असं नाही. १९११ साली एत्येन लोंबार या फ्रेंच कान-घशाच्या डॉक्टरांनी एक गोष्ट मांडली: कानात गोंगाट सोडला की माणूस नकळत मोठ्यानं बोलायला लागतो. गोंगाट थांबला की आवाज आपोआप खाली. यालाच आज 'लोंबार्ड इफेक्ट' म्हणतात.

आता या १५ ऑगस्ट १९६५ला, न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये. समोर सुमारे ५५,६०० माणसं, नुसता किंचाळा. बीटल्सकडे व्हॉक्सचे १०० वॅटचे अँप, आणि गाणं स्टेडियमच्याच लाउडस्पीकरवरून. गाणाऱ्याकडे तोंड केलेला मॉनिटर स्पीकर स्टेजवर नव्हताच! रिंगो स्टार पुढच्या तिघांच्या हालचाली बघून ठेका सांभाळत होता. वर्षभरानं, २९ ऑगस्ट १९६६ला, सॅन फ्रान्सिस्कोत शेवटचा तिकिटाचा शो करून त्यांनी दौरेच बंद केले. कारणं बरीच होती. स्वतःलाच ऐकू न येणं हे त्यातलं एक.

कॅफेतही मॉनिटर बहुतेक वेळा नसतोच. मग आपला शाहीर काय करतो? एक हात कानावर. ती नुसती पोझ नाहीये, त्यानं स्वतःचा आवाज जवळून ऐकू येतो. स्पीकरच्या मागे उभे असाल तर एक कान झाका, पहिली ओळ मुद्दाम हळू घ्या. हात थरथरले तर थरथरू देत.