जगाला आरंभ आहे काय?

श्रद्धा आणि बुद्धी यांचा झगडा म्हटला, की आपल्या डोळ्यांपुढे गॅलिलिओचा खटला उभा राहतो. पण त्याच्या साडेतीनशे वर्षे आधी पॅरिसच्या विद्यापीठात झालेला वाद मला अधिक मोलाचा वाटतो. कारण तेथे एका श्रद्धावंताने श्रद्धावंतांचीच चूक दाखविली.

ॲरिस्टॉटलच्या मते जग अनादी आहे. बायबल म्हणते, ईश्वराने ते आरंभी निर्माण केले. ॲरिस्टॉटलचे निसर्गविषयक ग्रंथ शिकविण्यास पॅरिसमध्ये १२१० साली बंदी झाली होती, आणि १२५५ साली तेच अभ्यासक्रमात नेमले गेले! साहजिकच धर्मपंडित अस्वस्थ झाले. बोनाव्हेंचर या फ्रान्सिस्कन पंडिताने युक्तिवाद केला : जग अनादी असेल, तर आजवर अनंत दिवस उलटून गेले असले पाहिजेत. पण अनंताचा पल्ला कधी संपत नाही; मग आजचा दिवस उजाडलाच कसा?

युक्तिवाद मोठा देखणा. डोमिनिकन संन्यासी थॉमस अक्वायनस याला मात्र तो पटला नाही. भूतकाळातला कोणताही दिवस घ्या, तेथून आजपर्यंतचे अंतर मोजता येण्याजोगेच असणार, असे त्याचे उत्तर होते. जगाला आरंभ आहे यावर त्याची स्वतःची पूर्ण श्रद्धा होती. पण ती गोष्ट बुद्धीने सिद्ध होत नाही, आणि खोडूनही काढता येत नाही, असे त्याने १२७०च्या सुमारास एका छोट्या पुस्तिकेत बजावले. निर्मित असणे म्हणजे ईश्वरावर अवलंबून असणे. मागाहून असणे नव्हे. धुळीत अनादी काळापासून पाऊल टेकलेले असेल, तर ठसाही अनादीच. तरी तो पावलामुळेच उमटलेला! हा दाखला प्लेटोपंथीयांचा, थॉमसने तो उचलला. लंगड्या पुराव्यांवर श्रद्धा उभी केली, तर परके हसतील, ही त्याची खरी चिंता होती.

७ मार्च १२७४ रोजी थॉमस वारला. बरोबर तीन वर्षांनी, त्याच तारखेला, पॅरिसचा बिशप एतिएन तांपिए याने २१९ विधाने निषिद्ध ठरविली. रोख मुख्यतः कला-शाखेच्या अध्यापकांवर होता. पण काही विधाने थॉमसच्या मतांनाही झोंबणारी होती. पुढे १३२३ साली पोपने थॉमसला संतपद दिले. मग पॅरिसकरांची पंचाईत झाली! १३२५ साली तेथील बिशपने तो निषेध, थॉमसच्या मतांपुरता, मागे घेतला.