कुलाब्याची नोंदवही आणि संगणकाचें कोठार

ज्या वस्तु एकदां हरवल्या असतां पुन्हां निर्माण करितां येत नाहींत, त्यांत जुन्या नोंदींची गणना प्रथम केली पाहिजे. धान्य नासलें तर पुढच्या हंगामांत नवें पिकतें. परंतु शंभर वर्षांपूर्वींच्या एखाद्या रात्रीं घेतलेलें माप नाहींसें झालें, तर ती रात्र परत आणणें कोणाच्याही हातीं नाहीं. अशा नोंदींना धोका दोन प्रसंगीं असतो. एक, त्या जागच्या जागीं निमूटपणें कुजत असतां; दुसरा, त्या जुन्या व्यवस्थेंतून नव्या व्यवस्थेंत नेल्या जात असतां. या दोन धोक्यांशीं माणसानें कसा सामना केला, याचा थोडा इतिहास आज श्रोत्यांपुढें ठेवावयाचा आहे. त्याचा आरंभ आमच्या किनाऱ्यावर होतो आणि शेवट संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टीमपाशीं.

मुंबईस कुलाबा येथें ईस्ट इंडिया कंपनीनें १८२६ सालीं वेधशाळा बांधिली. बंदरांतील जहाजांना अचूक वेळ कळावी, हा तिचा एक प्रमुख हेतु होता. १८४१ पासून ज्योतिषाचे अध्यापक आर्थर बेडफोर्ड ऑर्लेबार यांनीं तेथें पृथ्वीच्या चुंबकत्वाचीं मापें घेण्यास आरंभ केला, आणि १८४५ नंतर तें काम पद्धतशीर चालू लागलें. १८५९ च्या सप्टेंबरांत सूर्यावरील उत्पातामुळें प्रचंड चुंबकीय वादळ उठलें. युरोप व अमेरिका या खंडांत तारायंत्रें बिघडलीं. त्या वेळीं कुलाब्याच्या वहींत चुंबकबलाचा क्षितिजसमांतर भाग सुमारें १६०० नॅनोटेस्लांनीं घसरल्याची नोंद झाली. त्या आंकड्यांचें पूर्ण मोल टिपणाऱ्यास कळण्यासारखें नव्हतें. पुढें १४४ वर्षांनीं, २००३ सालीं, भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या शास्त्रज्ञांनीं परदेशी सहकाऱ्यांसह त्याच आंकड्यांवरून वादळाच्या तीव्रतेचा अंदाज प्रसिद्ध केला. असें वादळ पुन्हां आलें तर विजेचीं जाळीं व उपग्रह यांना किती इजा पोंचेल, याचा आजचा विचार त्या वहीचा ऋणी आहे.

ही वही अखंड राहिली, याचें श्रेय एका शहाणपणाच्या स्थलांतराला द्यावें लागतें. मुंबईच्या घोड्यांच्या ट्रामगाड्या विजेवर चालविण्याचें ठरलें, तेव्हां त्या प्रवाहामुळें नाजूक चुंबकसुया डळमळणार हें उघड झालें. वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांनीं खाडीपलीकडील अलिबागची निवड केली. लोखंडाचा संपर्क टाळून तेथें इमारती उभारण्यांत आल्या, आणि १९०४ सालीं मापन सुरू झालें. अलिबागचा जिल्हाही त्या काळीं कुलाबा याच नांवानें ओळखला जाई. १९८१ सालीं तो रायगड झाला. म्हणजे नोंदवही एका कुलाब्याहून दुसऱ्या कुलाब्यास आली!

परंतु अलिबाग सुरू होतांच मुंबईचें मापन बंद केलें गेलें नाहीं. दोन वर्षें दोन्ही ठिकाणीं एकाच वेळीं मापें घेतलीं गेलीं. दोन जागांमधील फरक किती, हें त्यावरून निश्चित करितां आलें, आणि मगच १९०६ सालीं मुंबईचें चुंबकीय मापन थांबलें. विजेची पहिली ट्राम धांवली ती १९०७ च्या मे महिन्यांत. त्या दोन वर्षांमुळेंच मुंबईच्या व अलिबागच्या आंकड्यांचा सांधा जुळला.

आतां अशा नोंदी कागदापेक्षां हार्ड डिस्कवर अधिक असतात, आणि तेथें पहिला धोका अधिक कपटी आहे. कागदाला वाळवी लागली तर डोळ्यांना दिसते. डिस्कवरील एखादें अक्षर मात्र बदलतें, आणि क्वचित् प्रसंगीं डिस्क तें खरें म्हणूनच वाचून दाखविते. यावर उपाय म्हणून सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनींत जेफ बॉनविक व मॅथ्यू एरन्स यांनीं २००१ सालीं 'झेडएफएस' या रचनेचें काम हातीं घेतलें. तींत अनेक डिस्का एकत्र करून एक 'स्टोरेज पूल' करितात. आपण त्यास कोठार म्हणूं. कोठारांत मजकुराचा प्रत्येक तुकडा ठेवितांना त्याचा पडताळा-अंक, म्हणजे 'चेकसम', निराळ्या जागीं लिहिला जातो. वाचतांना दोहोंचा मेळ बसला नाहीं तर चूक लगेच उघडकीस येते, आणि दुसरी शुद्ध प्रत असल्यास तिच्यावरून दुरुस्ती होते. साऱ्या कोठाराची अशी झडती वेळोवेळीं घ्यावयाची असते. तिला 'स्क्रब' म्हणतात.

कोठारांत दोष दिसला म्हणजे उतावळेपणा हा मोठा शत्रु होतो. प्रथम कोठाराची स्थिति वाचावी. एकाच डिस्कवर चुका वाढत असतील तर संशय त्या डिस्कवर अथवा तिच्या केबलवर घ्यावा. अनेक डिस्कांवर एकदमच चुका दिसूं लागल्या, तर बहुधा सामाईक केबल, कंट्रोलर, मेमरी किंवा वीजपुरवठा यांपैकीं कांहींतरी बिघडलेलें असतें. डिस्क बदलावयाची तर एका वेळीं एकच बदलावी, आणि तिच्यावर मजकूर पूर्ण भरून होईपर्यंत दुसरीला हात लावूं नये.

दुसऱ्या धोक्याची कथा याच रचनेच्या इतिहासांत आहे. सन कंपनीनें आपल्या सोलारिस या ऑपरेटिंग सिस्टीमचा बराचसा सोर्स कोड २००५ सालीं सर्वांस खुला केला, आणि त्याच वर्षीं झेडएफएसही त्यांत आलें. २०१० च्या जानेवारींत कंपनी ओरॅकलच्या ताब्यांत गेली, व ऑगस्टपासून नवा कोड त्या रीतीनें प्रसिद्ध होणें थांबलें. त्याच ऑगस्टांत खुल्या कोडाच्या कार्यकर्त्यांनीं 'इल्युमॉस' हा प्रकल्प उभारला. पुढच्याच महिन्यांत त्याच्याशीं निगडित 'ओपनइंडियाना' ही सिस्टीम पुढें आली. पूर्वीं कोठाराच्या स्वरूपास क्रमांक असे; २८ पर्यंत वाट एकच होती. घर विभागल्यावर २९ म्हणजे कोणाचें, हा प्रश्न आला. म्हणून खुल्या पक्षानें क्रमांक सोडून प्रत्येक नव्या सोयीस स्वतंत्र नांव देण्याची पद्धत घेतली. त्यायोगें कोठारांत आपणांस न कळणारें कांहीं आहे काय, हें सिस्टीमला उघडण्यापूर्वींच ओळखतां येतें.

नवी आवृत्ति केव्हां काढावी, याविषयीं खुल्या सिस्टीमच्या जगांत दोन परंपरा आहेत. १९९३ सालीं सुरू झालेला डेबियन 'तयार होईल तेव्हां' या बाण्याचा. २००४ सालीं आलेला उबुंटू एप्रिल व ऑक्टोबर या महिन्यांस बांधलेला. पहिलींत वाट पाहावी लागते, दुसरींत अपुरें काम मागें ठेवावें लागतें. मात्र परतीची वाट राखणें दोहींतही हितकर आहे. ओपनइंडियानासारख्या सिस्टीममध्यें नवी आवृत्ति बसवितांना जुनी शेजारीं शाबूत ठेवितां येते, आणि नवी बिघडली तर जुनीवर परततां येतें. पण उत्साहाच्या भरांत कोठारालाही नव्या सोयी लागू केल्या, तर जुन्या आवृत्तीस तें कदाचित् उघडतांच येणार नाहीं. सिस्टीम बदलली तरी कोठारास कांहीं काळ हात न लावणें, हाच शहाणपणा.

आज घरोघरीं विवाहाचीं छायाचित्रें, वडिलांचा आवाज, मालमत्तेचे कागद संगणकांत साठत आहेत. यंत्र जुनें झालें कीं नवें येतें, आणि जुनें त्याच आठवड्यांत भंगारांत जातें. नव्या जागीं सर्व कांहीं उघडतें कीं नाहीं, हें तपासून पाहीपर्यंत जुनें जपून ठेवावें, आणि आणखी एक प्रत घराबाहेर असावी. आपल्या पणतवंडांना यांतलें काय मोलाचें वाटेल, हें आज आपणांस ठरवितां येत नाहीं; १८५९ सालीं कुलाब्याच्या वहींत आंकडे टिपणाऱ्यासही तें ठरवितां आलें नसतें.