एसएलए म्हणजे काय? सॉफ्टवेअर सेवेचा सौदा कसा ठरतो?

समजा, ठाण्यातल्या वागळे इस्टेटमध्ये तुमचं छोटं वर्कशॉप आहे. बिलं, स्टॉक, हिशोब सगळं ऑनलाइन सॉफ्टवेअरवर. महिनाअखेरीस तेच बंद पडलं. टेम्पो दारात उभा, पण बिल निघत नाही. भरपाई कोण देणार?

उत्तर 'एसएलए'मध्ये असतं. एसएलए म्हणजे सर्व्हिस लेव्हल अ‍ॅग्रीमेंट. सेवा किती वेळ सुरू राहील, तक्रारीची दखल किती वेळात घेतली जाईल आणि शब्द पाळला नाही तर काय मिळेल, हे त्यात लिहिलेलं असतं.

टक्क्यांचा खेळ

३० दिवसांच्या महिन्यात सेवा किती वेळ बंद राहू शकते?

- ९९% हमी: ७ तास १२ मिनिटं
- ९९.९%: सुमारे ४३ मिनिटं
- ९९.९९%: सुमारे ४ मिनिटं

घासाघीस संगणकाला कशी शिकवतात?

दोन्ही बाजूंसाठी तीन गोष्टी आकड्यांत मांडतात: कोणता मुद्दा किती महत्त्वाचा, कुठवर माघार घ्यायची आणि कधीपर्यंत थांबायचं. मग प्रस्ताव, उलट प्रस्ताव, शेवटी होकार किंवा नकार. तुम्हाला दर महत्त्वाचा आणि कंपनीला लांब मुदतीचा करार हवा असेल, तर दोघांचंही जमतं.

ओपन ग्रिड फोरम या संस्थेने २००७ मध्ये अशा करारांसाठी 'डब्ल्यूएस-अ‍ॅग्रीमेंट' हे मानक आणलं. त्यात ठरलेला नमुना भरून पाठवायचा. समोरचा 'हो' किंवा 'नाही' म्हणणार. उलट प्रस्तावाची सोय २०११ च्या पुरवणी मानकात आली.

आपल्याला काय?

छोट्या ग्राहकासमोर बहुतेक वेळा तो पहिला प्रकारच येतो: घ्या, नाहीतर सोडा. १८७२ च्या भारतीय करार कायद्यानुसार स्वीकार पूर्ण आणि बिनशर्त असावा लागतो. अट बदलून पाठवली, तर तो स्वीकार नव्हे, नवा प्रस्ताव ठरतो. आणि माहिती तंत्रज्ञान कायद्यामुळे केवळ ऑनलाइन झाला म्हणून करार रद्द ठरत नाही. त्यामुळे 'आय अ‍ॅग्री'चं बटण हलक्यात घेऊ नका.

सही करण्याआधी विचारा

- पूर्वसूचना देऊन केलेली दुरुस्ती 'बंद' वेळेत मोजणार का?
- भरपाई रोख, की पुढच्या बिलात सूट? अनेकदा फक्त सूटच मिळते. बुडालेल्या धंद्याचे पैसे नाहीत.
- ती आपोआप मिळेल, की मुदतीत मागावी लागेल?
- करार संपल्यावर आपला डेटा कसा परत मिळेल?

दर कमी झाला नाही, तरी यातली एखादी अट बदलून मागता येते. विचारायला पैसे पडत नाहीत.