पानावरचा पांढरा कण कीड आहे की किडीची कात? फवारणीआधी मोबाईलवर फोटो काढून बघा

बेलापूर (ता. श्रीरामपूर) : घासाच्या, गव्हाच्या किंवा उसाच्या पानावर पांढरे कण दिसले की आपण लगेच पंप उचलतो. पण बऱ्याचदा ते कण म्हणजे जिवंत कीड नसते, तर किडीने टाकलेली कात असते. साप कात टाकतो हे सगळ्यांना माहीत आहे. मावा, तुडतुडे, अळ्या, चतुर, नाकतोडेही कात टाकूनच मोठे होतात. ही कात ओळखता आली तर औषधाचा एखादा खर्च वाचू शकतो, आणि कधीकधी वेळेवर सावधही होता येतं.

कात का टाकतात?
किड्याला आपल्यासारखी आत हाडं नसतात. बाहेरचं कडक कवच हाच त्याचा सांगाडा. हे कवच कायटिन नावाच्या पदार्थाचं असतं आणि ते वाढत नाही. म्हणून आत नवं मऊ कवच तयार होतं, जुनं पाठीवर उभं फाटतं आणि किडा त्यातून बाहेर येतो. मावा साधारण चार वेळा कात टाकतो, मक्यावरची लष्करी अळी कोषात जाईपर्यंत सहा अवस्थांतून जाते.

फोटो कसा काढायचा?
- कात फार हलकी असते, श्वासानेही उडते. शक्यतो पानासकट तोडून पांढऱ्या कागदावर ठेवा.
- मोबाईलमध्ये मॅक्रो मोड असेल तर तो लावा. नसेल तर कॅमेऱ्यासमोर साधं भिंग धरा. क्लिपचं लेन्सही चालतं.
- झूम करू नका. फोटो स्पष्ट येईल एवढंच अंतर ठेवा, नंतर फोटो मोठा करून बघा.
- फ्लॅश बंद ठेवा. सकाळचं ऊन एका बाजूने पडू द्या, म्हणजे खाचा आणि पाय उठून दिसतात. हात हलत असेल तर मोबाईल विटेला टेकवा.
- वरून, बाजूने आणि पोटाकडून असे तीन फोटो घ्या. शेजारी पट्टी किंवा शाळेचा आलेख कागद ठेवा, त्याची बारीक चौकट 1 मिलीमीटरची असते. त्यावरून आकार कळतो.

फोटोत काय बघायचं?
1. पाठीवर उभी चीर आहे का? असेल तर ती बहुतेक कातच.
2. आतून पोकळ आणि आरपार दिसते का? मेलेल्या किड्यात आत काहीतरी सुकलेलं असतं.
3. आत पांढरे दोरे दिसतात का? त्या श्वासनळ्यांची अस्तरं आहेत, कातीबरोबर तीही ओढून निघतात.
4. पाय मोजा. सहा असतील तर किडा. आठ असतील आणि डोक्याकडचा भाग झाकणासारखा उघडलेला असेल तर कोळ्याची कात.
5. पूर्ण पंख आहेत का? कातीवर पंखांच्या जागी बहुधा छोट्या कळ्याच असतात.

आपल्याकडे नेहमी सापडणाऱ्या काती
*मावा :* पानावर कोंड्यासारखे पांढरे कण. मोठं करून बघितलं की बारीक पाय आणि मिशा दिसतात. बरेच जण याला भुरी समजतात. भुरी ही बुरशी असते, तिला पाय नसतात.

*लोकरी मावा :* 2002 साली राज्यात उसावर याने मोठा धुमाकूळ घातला. पानाच्या खालच्या बाजूला पांढरी लोकर असते, आणि खालच्या पानांवर चिकट पाणी आणि काळी बुरशी दिसते. तेव्हा डिफा आणि मायक्रोमस हे मित्रकिडे उपयोगी पडले होते.

*लष्करी अळी :* 2018 साली देशात आली. मक्याच्या पोंग्यात विष्ठेबरोबर डोक्याची रिकामी टोपी सापडली तर अळी तिथेच वाढत असण्याची शक्यता धरा. मग जिवंत अळी शोधा. तिच्या कपाळावर उलटा इंग्रजी वाय आणि शेपटाजवळ चौकोनात चार काळे ठिपके असतात.

*चतुर आणि टाचणी :* पाटाच्या, विहिरीच्या कडेला गवताला चिकटलेली तपकिरी कात. टाचणीच्या शेपटाला पानासारखे तीन भाग असतात. हे दोघे डास आणि लहान किडे खातात, त्यांना मारू नका.

*सिकाडा :* उन्हाळ्यात झाडावर किर्र आवाज करणारा किडा. त्याची कात बुंध्याला चिकटलेली असते, पुढचे पाय जाड, खोदायचे, आणि अंगाला माती असते. पिकाला बहुधा धोका नाही.

माझा अनुभव
गेल्या हिवाळ्यात माझ्या घासात पांढरे कण दिसले. दुकानदाराने न बघताच औषधाची बाटली पुढे केली. मी घरी येऊन भिंग लावून फोटो काढले. पांढरे कण म्हणजे माव्याच्या काती होत्या. जिवंत मावा थोडाच होता आणि मधेमधे सोनेरी-तपकिरी, फुगलेले मावे दिसत होते. काहींना गोल भोक होतं. म्हणजे परजीवी माशीने माव्यात अंडं घातलं होतं आणि तिचं पिलू भोक पाडून बाहेर पडलं होतं. मी फवारलं नाही, रोज सकाळी बघत राहिलो. आठवड्याभरात मावा कमी झाला. तो घास गाईंच्या पोटात जाणार होता आणि दूध घरातली पोरंही पितात, म्हणून ते औषध टळलं याचं जास्त समाधान वाटलं.

पण प्रत्येक वेळी असंच होईल असं नाही. नुसत्या काती बघून निर्धास्त राहू नका. कातीच्या आजूबाजूला जिवंत कीड किती आहे ते पाच-सहा ठिकाणी मोजा. कोवळे शेंडे वाकडे होत असतील, कीड रोज वाढत असेल तर उशीर करू नका.

शंका असेल तर
कात काडेपेटीत ठेवा, वर तारीख, पीक आणि पानाची कोणती बाजू ते लिहा. तीनही फोटो गावच्या कृषी सहाय्यकाला दाखवा. राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ आपल्या जवळच आहे. किसान कॉल सेंटरचा मोफत नंबर 1800-180-1551 आहे, तिथे मराठीत बोलता येतं. अंधुक फोटोवरून कोणीही औषध सांगितलं तर ते घेऊ नका. आधी ओळख पटू द्या, मग पंप उचला.